ब्लू स्क्रीन ऑफ डेथ

ब्लू स्क्रीन ऑफ डेथ (संक्षेप: बीएसओडी, बोलीभाषेत 'ब्लू स्क्रीन' किंवा 'निळा पडदा') हा मायक्रोसॉफ्ट विंडोज या संचालन प्रणालीत गंभीर बिघाड झाल्यावर दिसणारा संदेश आहे. प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, सावरता न येणारी चूक आढळली की विंडोज सर्व काम थांबवते, त्या क्षणीची स्मृतीतील माहिती डिस्कवर नोंदवते आणि संगणक पुन्हा सुरू करते. चुकीच्या माहितीवर काम चालू राहिल्यास डिस्कवरील फाइली खराब होण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी ही थांबण्याची क्रिया हेतुपुरस्सर योजलेली आहे. त्यामुळे निळा पडदा हा स्वतः दोष नसून दोषाची सूचना आहे.

एखाद्या वेळी दिसून गेलेला निळा पडदा सहसा चिंतेचा विषय नसतो. तो वारंवार दिसू लागल्यास कारण शोधणे आवश्यक ठरते. हे कारण सदोष ड्रायव्हर, स्मृती, डिस्क, उष्णता किंवा वीजपुरवठा यांपैकी काहीही असू शकते. मराठवाड्यातील नांदेड व लातूरसारख्या भागांत उन्हाळ्यातील तापमान, धूळ व विजेतील चढउतार यांमुळे घरगुती संगणकाच्या दोषनिदानात शेवटच्या दोन कारणांना विशेष महत्त्व आहे.

इतिहास

विंडोज ३.१ (१९९२) मध्ये कंट्रोल, ऑल्ट व डिलीट या कळा एकत्र दाबल्यावर निळ्या पार्श्वभूमीवर संदेश दिसत असे. त्याचा मजकूर स्टीव्ह बाल्मर यांनी लिहिला होता. विंडोज एनटी ३.१ (१९९३) मधील कर्नल थांबल्याचा निळा पडदा जॉन व्हर्ट यांनी लिहिला. आजच्या निळ्या पडद्याचा उगम या प्रणालीत आहे. विंडोज ९५ मधील निळ्या पडद्याचे काम रेमंड चेन यांनी पूर्ण केले.

२० एप्रिल १९९८ रोजी शिकागो येथील कॉमडेक्स प्रदर्शनात बिल गेट्स यांच्या उपस्थितीत विंडोज ९८ चे प्रात्यक्षिक चालू होते. स्कॅनर जोडताच मंचावरील संगणकावर निळा पडदा आला आणि ही घटना जगभर गाजली. विंडोज ८ (२०१२) पासून तांत्रिक मजकूर कमी करून उदास चेहऱ्याचे चिन्ह देण्यात आले. विंडोज १० मध्ये २०१६ साली क्यूआर कोडची भर पडली. २०२५ मध्ये विंडोज ११ च्या अद्ययावत आवृत्तीत पार्श्वभूमीचा रंग काळा करण्यात आला. संदेशाचे कार्य मात्र तेच राहिले.

कार्यपद्धती

संगणकातील प्रोग्राम दोन स्तरांवर चालतात. शब्दलेखन, ब्राउझर यांसारखे प्रोग्राम वापरकर्ता स्तरावर चालतात. त्यांच्यात चूक झाल्यास तेवढाच प्रोग्राम बंद पडतो. कर्नल व बहुतेक ड्रायव्हर यांना मात्र संपूर्ण स्मृती व यंत्रसामग्री खुली असते. तेथील चूक इतरांपासून वेगळी ठेवता येत नाही, म्हणून संपूर्ण प्रणाली थांबवावी लागते.

पडद्यावर 'स्टॉप कोड' म्हणजे थांब-संकेत दिला जातो. काही वेळा दोषाशी संबंधित फाइलचे नावही दिसते. स्मृतीची संक्षिप्त नोंद विंडोज फोल्डरातील 'मिनिडंप' या उपफोल्डरात साठवली जाते. लिनक्स व मॅकओएस या प्रणालींमध्ये अशाच स्थितीला 'कर्नल पॅनिक' म्हणतात.

निळा पडदा व अचानक बंद पडणे यांतील फरक

वीज गेल्यामुळे किंवा पॉवर सप्लाय निकामी झाल्यामुळे संगणक एकाएकी बंद पडतो, तेव्हा संदेश दाखवण्यास प्रणालीला अवसरच मिळत नाही. अशा वेळी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर ४१' ही नोंद आढळते, परंतु मिनिडंप फाइल सहसा तयार होत नाही. निळा पडदा आला असल्यास 'बगचेक' अशी, क्रमांक १००१ ची नोंद व बहुधा मिनिडंप फाइलही सापडते.

पुष्कळ घरांमध्ये संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो, त्यामुळे निळा पडदा क्षणभर दिसून जातो व दोन्ही प्रकार सारखेच वाटतात. प्रगत प्रणाली सेटिंगमधील 'आपोआप पुन्हा सुरू करा' हा पर्याय बंद केल्यास संदेश पडद्यावर टिकून राहतो व थांब-संकेत वाचता येतो किंवा त्याचे छायाचित्र घेता येते.

प्रमुख थांब-संकेत

संकेताचे नाव निश्चित कारण सांगत नाही. शोधाची दिशा सुचवते. घरगुती संगणकांवर वारंवार दिसणारे काही संकेत पुढीलप्रमाणे:

- मेमरी मॅनेजमेंट: स्मृतीच्या व्यवस्थापनातील चूक. प्रथम रॅम तपासली जाते.
- आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल: ड्रायव्हरने अयोग्य वेळी स्मृतीचा वापर केला. कारण बहुधा ड्रायव्हर, काही वेळा रॅम.
- पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया: जी माहिती स्मृतीत असायलाच हवी ती सापडली नाही. ड्रायव्हर, विषाणूरोधक प्रणाली किंवा रॅम यांवर संशय घेतला जातो.
- कर्नल डेटा इनपेज एरर: डिस्कवरून माहिती वाचता आली नाही. डिस्क, तिची केबल व जोडणी तपासली जाते.
- इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस: प्रारंभीच डिस्क उपलब्ध झाली नाही. बायोसमधील साठवण सेटिंग बदलल्यावरही हा संकेत येतो.
- व्हिडिओ टीडीआर फेल्युअर: ग्राफिक्स ड्रायव्हरने वेळेत प्रतिसाद दिला नाही.
- डब्ल्यूएचईए अनकरेक्टेबल एरर: यंत्रसामग्रीनेच दोष कळवला. प्रोसेसर, उष्णता, व्होल्टेज व ओव्हरक्लॉकिंग यांची तपासणी करावी लागते.

प्रत्येक वेळी एकच संकेत व एकाच ड्रायव्हरचे नाव येत असेल, तर दोष त्या ड्रायव्हरमध्ये असण्याची शक्यता वाढते. दर वेळी वेगळा संकेत येत असल्यास रॅम, वीजपुरवठा यांसारख्या यंत्रसामग्रीकडे प्रथम पाहिले जाते.

मराठवाड्यातील परिस्थिती

गोदावरीकाठचे नांदेड व बालाघाटच्या पठारावरील लातूर या दोन्ही ठिकाणी एप्रिल व मे महिन्यांत दिवसाचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. संगणकाचा पंखा खोलीतील हवाच आत घेतो. त्यामुळे खोली २५ वरून ४२ अंशांवर गेल्यास, कामाचा भार तोच असताना, आतील भागांचे तापमानही साधारण तेवढ्याच, म्हणजे सुमारे १७ अंशांनी वाढते. प्रोसेसर अतितप्त झाल्यास प्रथम आपला वेग कमी करतो व शेवटी संगणक बंद करतो. मात्र त्या मर्यादेच्या आतही मुळात कमकुवत असलेली रॅम, ग्राफिक्स कार्ड वा एसएसडी उष्णतेत चुका करू लागतात. काळ्या मातीच्या प्रदेशातील बारीक धूळ हीट सिंकच्या पात्यांमध्ये साचली की उष्णता बाहेर पडण्यास आणखी अडथळा येतो.

भारतात घरगुती विजेचा प्रमाण दाब २३० व्होल्ट व वारंवारता ५० हर्ट्झ आहे. कृषिपंपांचा भार, लांब वाहिन्या किंवा वादळी पाऊस यांमुळे दाब कमी-अधिक होऊ शकतो. वीज गेल्यामुळे थेट निळा पडदा येत नाही. परंतु लेखन चालू असताना वीज गेल्यास प्रणालीच्या फाइली अर्धवट राहतात व पुढील काळात निळे पडदे सुरू होतात. वीज परत येताना दाब क्षणिक वाढू शकतो, म्हणून काही मिनिटे थांबून संगणक सुरू करणे हितावह असते.

घरातील इन्व्हर्टरवर संगणक चालवताना त्याचे बटण 'यूपीएस' स्थितीत असावे लागते. पंखे व दिवे यांच्यासाठीच्या सामान्य स्थितीत विजेवरून बॅटरीवर जाण्यास अधिक वेळ लागतो आणि तेवढ्यात संगणक पुन्हा सुरू होतो. यूपीएसमधील शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य उष्णतेत झपाट्याने घटते; तापमानातील प्रत्येक ८ ते १० अंशांच्या सततच्या वाढीला ते साधारण निम्मे होते. अर्थिंग नसलेल्या जोडणीत संगणकाच्या धातूच्या पेटीला झिणझिण्या जाणवतात. जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा विद्युतरोध वाढतो, म्हणून उन्हाळ्यात त्याची तपासणी आवश्यक असते.

प्रवेश परीक्षांचे अर्ज, महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचे अर्ज व महाविद्यालयीन प्रकल्प यांसाठी विद्यार्थी घरच्या संगणकावर अवलंबून असतात. प्रवेशाचा हंगाम व तीव्र उन्हाळा एकाच सुमारास येतात. त्यामुळे अशा बिघाडात यंत्राच्या किमतीपेक्षा त्यातील कागदपत्रे व अर्जाची मुदत यांचे नुकसान मोठे ठरू शकते.

दोषनिदानाची पद्धत

दोषनिदानात एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहणे हे मूलभूत तत्त्व मानले जाते. अनेक बदल एकदम केल्यास दोष नाहीसा झाला तरी कारण कळत नाही.

१. माहितीची प्रत: संगणक सुरू होत असेल तोवर गुणपत्रिका, दाखले, छायाचित्रे व हिशेब यांची प्रत बाह्य डिस्क किंवा पेनड्राइव्हवर घेतली जाते. डिस्क निकामी होत असल्यास प्रत्येक तपासणीने तिच्यावरील ताण वाढतो, म्हणून ही पायरी सर्वांत आधी येते. डिस्क बिटलॉकरने कूटबद्ध असेल, तर ४८ अंकी पुनर्प्राप्ती-कळही नोंदवून ठेवावी लागते.

२. नोंदवही: प्रत्येक घटनेची तारीख, वेळ, थांब-संकेत, चालू असलेला प्रोग्राम, खोलीतील उष्मा व वीज नुकतीच येऊन गेली का, हे लिहून ठेवले जाते. दुपारीच येणारे पडदे उष्णतेकडे, केवळ खेळ किंवा चित्रफीत चालू असताना येणारे ग्राफिक्सकडे, तर काहीही चालू नसताना अनियमितपणे येणारे रॅम किंवा ड्रायव्हरकडे बोट दाखवतात. विंडोजमधील रिलायबिलिटी मॉनिटर ही माहिती दिनांकवार दाखवतो.

३. अलीकडील बदल मागे घेणे: नवीन प्रिंटर, ड्रायव्हर, रॅम किंवा अद्ययावतीकरण यांनंतर दोष सुरू झाला असल्यास तो बदल काढून पाहिला जातो. यासाठी सिस्टम रिस्टोअर व ड्रायव्हरची मागील आवृत्ती हे पर्याय उपलब्ध असतात.

४. सेफ मोड: या स्थितीत मोजकेच ड्रायव्हर चालतात. येथे संगणक दीर्घकाळ स्थिर राहिल्यास दोष बहुधा बाहेरून बसवलेल्या ड्रायव्हरमध्ये किंवा प्रोग्राममध्ये असतो. येथेही पडदे येत राहिल्यास यंत्रसामग्रीवरील संशय बळावतो.

५. रॅम: विंडोज मेमरी डायग्नोस्टिक किंवा पेनड्राइव्हवरून चालणारे मेमटेस्ट८६ वापरले जाते. एकही चूक दिसल्यास रॅम किंवा तिच्या सेटिंगचा दोष मानला जातो. त्यानंतर एकेक पट्टी वेगवेगळ्या खाचांत बसवून दोष पट्टीत आहे की मदरबोर्डवरील खाचेत, हे ठरवता येते. पेटी उघडण्यापूर्वी वीजजोड काढणे व धातूला स्पर्श करून अंगावरील स्थितिक विद्युत घालवणे आवश्यक असते. पट्टीच्या सोनेरी टोकांवरील मळ खोडरबराने हलकेच पुसण्याची पद्धत दुरुस्तीच्या दुकानांत रूढ आहे.

६. डिस्क व प्रणालीच्या फाइली: डिस्कची 'स्मार्ट' आरोग्यनोंद पाहिली जाते. त्यानंतर चेकडिस्कने फाइलरचना आणि एसएफसी व डिझम या आज्ञांनी विंडोजच्या फाइली तपासल्या व दुरुस्त केल्या जातात.

७. मिनिडंपचे विश्लेषण: मायक्रोसॉफ्टचे विनडीबीजी हे साधन दोषाच्या क्षणी कोणता ड्रायव्हर चालू होता हे दाखवते. येथे विंडोजच्याच मूळ फाइलचे नाव आल्यास ती फाइल दोषी असतेच असे नाही. दुसऱ्या घटकाने बिघडवलेली स्मृती तिच्या वाट्याला आलेली असू शकते.

पुनर्स्थापनेची मर्यादा

डिस्क पुसून विंडोज नव्याने बसवणे, बोलीभाषेत 'फॉरमॅट मारणे', हा उपाय अनेकदा सर्वांत आधी केला जातो. दोष ड्रायव्हर किंवा फाइलींमध्ये असल्यास तो लागू पडतो. रॅम, डिस्क, उष्णता वा वीजपुरवठा यांचा दोष असल्यास मात्र नव्या प्रणालीतही निळे पडदे परत येतात. दरम्यान वापरकर्त्याची माहिती व मिनिडंपच्या रूपातील पुरावा दोन्ही नष्ट झालेले असतात. म्हणून रॅम व डिस्क निर्दोष ठरल्यानंतर, माहितीची प्रत हाताशी असतानाच, हा शेवटचा उपाय मानला जातो.

१९ जुलै २०२४ ची घटना

क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या 'फाल्कन' प्रणालीतील सदोष अद्ययावतीकरणामुळे १९ जुलै २०२४ रोजी जगभरातील संगणकांवर निळे पडदे दिसू लागले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक बाधित झाले; हे प्रमाण विंडोजवरील एकूण संगणकांच्या १ टक्क्याहून कमी होते. भारतात विमानसेवा विस्कळीत झाली व काही विमानतळांवर प्रवाशांना हस्तलिखित बोर्डिंग पास देण्यात आले. १० बँका व वित्तसंस्थांच्या कामात किरकोळ व्यत्यय आल्याचे भारतीय रिझर्व्ह बँकेने कळवले. ही प्रणाली मुख्यत्वे संस्थांमध्ये वापरली जात असल्याने घरगुती संगणक बहुतांशी सुरक्षित राहिले. संगणक सेफ मोडमध्ये सुरू करून सदोष फाइल काढून टाकणे हा त्यावरील उपाय होता.

बनावट निळे पडदे

काही फसवी संकेतस्थळे ब्राउझरमध्ये निळ्या पडद्यासारखे चित्र दाखवून दूरध्वनी क्रमांकावर संपर्क साधण्यास सांगतात. खऱ्या निळ्या पडद्यावर मदतीसाठी दूरध्वनी क्रमांक नसतो, पैशांची मागणी नसते व माउसचा बाण हलत नाही. बनावट पडदा ब्राउझर बंद केल्यावर नाहीसा होतो. अशा प्रकारात आर्थिक फसवणूक झाल्यास भारतात १९३० या राष्ट्रीय सायबर गुन्हे मदत क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

हे सुद्धा पहा

- मायक्रोसॉफ्ट विंडोज
- संचालन प्रणाली
- ड्रायव्हर (संगणक)
- रॅम
- अखंडित वीजपुरवठा