रंगमंचावरून दुकानात : कळसूत्री बाहुलीच्या टिकाऊपणाचे गणित

कळसूत्री बाहुलीचा खेळ पाहणे वेगळे आणि तीच बाहुली दुकानातून आणून मुलाच्या हाती देणे वेगळे. रंगमंचावरील बाहुली मुरलेल्या हातांत असते. तिचा दोरा तुटला तर पुढच्या खेळापूर्वी तो बदलला जातो. विक्रीच्या बाहुलीला ही सोय नसते. ती आपटली जाते, ओढली जाते, खेळण्यांच्या ढिगात फेकली जाते. तरीही तिने नीट चालले पाहिजे आणि तिची किंमतही परवडली पाहिजे. हे गणित मोठ्या प्रमाणावर सोडवणाऱ्या कारखान्यांत इंग्लंडच्या 'पेल्हम पपेट्स'चे नाव ठळकपणे घेतले जाते.

टंचाईतून उभा राहिलेला उद्योग

बॉब पेल्हम यांनी १९४७ मध्ये विल्टशायर परगण्यातील मार्लबरो या गावी हा उद्योग सुरू केला. आरंभी त्याचे नाव 'वाँकी टॉइज' असे होते. महायुद्धानंतरच्या त्या काळात कच्च्या मालाची टंचाई असल्याने मिळेल ते साहित्य वापरण्यावाचून गत्यंतर नव्हते. लाकडी अवयव आणि साच्यातून काढलेली, हाताने रंगवलेली डोकी ही या बाहुल्यांची ओळख ठरली. डिस्नेच्या पात्रांमुळे त्यांचा खप वाढला. मुलांसाठी 'पेलपप क्लब' निघाला. दुकानांच्या दर्शनी खिडक्यांसाठी विजेच्या मोटरवर हलणारे बाहुल्यांचे देखावेही कारखान्याने तयार केले. १९६१ मध्ये कारखान्याला आग लागली, मात्र उत्पादन पुन्हा उभे राहिले. १९८० मध्ये पेल्हम यांचे निधन झाले आणि १९९३ मध्ये ही मूळ कंपनी बंद पडली.

झीज कोठे होते?

दोऱ्याने अवयव फक्त वर उचलता येतो, खाली आणण्याचे काम गुरुत्वाकर्षणच करते. त्यामुळे हातापायांना पुरेसे वजन लागते. ते कमी पडले तर बाहुली तरंगल्यासारखी हलते, जास्त झाले तर दोरे व सांधे लवकर झिजतात. गुडघा एकाच दिशेने दुमडला पाहिजे, अन्यथा चाल बिघडते. दोरा ज्या छिद्रातून जातो त्याची कड गुळगुळीत नसेल, तर ती करवतीप्रमाणे दोरा कापत राहते. म्हणूनच रंगापेक्षा छिद्रे आणि सांधे यांवर बाहुलीचे आयुष्य अधिक अवलंबून असते.

दोऱ्यांचा गुंता हा दुसरा शत्रू. एकदा गुंतलेली बाहुली बहुधा कपाटातच जाते. यासाठी दोऱ्यांची संख्या मर्यादित ठेवतात, ते वरच्या लाकडी पट्टीवर गुंडाळून मगच बाहुली खोक्यात भरतात आणि तुटलेला दोरा घरीच बदलता येईल अशा गाठी मारतात.

राजस्थानच्या कठपुतळीने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तिला बहुधा पाय नसतात, घोळदार घागराच ती जागा घेतो. दोरे मोजके आणि थेट बोटांवर घेतलेले असतात. सांधे जेवढे कमी, तेवढी मोडतोड कमी. पर्यटनस्थळी विकत घेतलेली कठपुतळी वर्षानुवर्षे भिंतीवर टिकते, त्यामागे हा साधेपणाही आहे.

सुरक्षिततेची अट

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक झाले. लांब दोऱ्या, सुटणारे लहान भाग आणि रंगांतील जड धातू ही तपासणीची महत्त्वाची अंगे आहेत. हस्तकला विकास आयुक्तालयाकडे नोंदणी झालेल्या कारागिरांना मात्र या आदेशातून सूट देण्यात आली.

ही सूट महत्त्वाची आहे, कारण घरगुती कारागिराला प्रत्येक नमुन्याच्या चाचणीचा खर्च झेपणारा नसतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथे ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये 'पद्मश्री' जाहीर झाली. तथापि, ही बाहुली मुळात खेळाची आहे, खेळण्याची नव्हे. तिला दुकानात न्यायचे तर केवळ आकार लहान करून भागणार नाही. सांधे, वजन, रंग आणि दोरे यांचा नव्याने विचार करावा लागेल. सूट मिळाली तरी बाहुली शेवटी मुलाच्याच हाती जाणार असल्याने ही जबाबदारी कारागिराला टाळता येत नाही.