यादीतला करंडा

भिलाईला पोस्टिंग असताना आमचा एक साथीदार आजारपणात गेला. सातारा जिल्ह्यातला होता. हथखोजच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या ट्रकांची बाहेर घरघर चालू, आणि आम्ही आत त्याच्या काळ्या ट्रंकेतल्या सामानाची यादी करत होतो. युनिफॉर्म, बूट, पासबुक. तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लाकडी डबी, बायकोसाठी घेतलेली. लिहिणारा हवालदार बिहारचा. म्हणाला, "डिब्बी, लकडी की, एक." मी म्हटलं, "उस्ताद, करंडा लिखिए." "वो क्या होता है?" मला नीट सांगता येईना. तेव्हापासून या शब्दाच्या मागे लागलो.

संस्कृतात करंड किंवा करंडक म्हणजे बांबूच्या कामट्यांची टोपली, झाकणाची पेटी. आपली आंब्याची करंडी त्याच घरातली. छत्तीसगडात बांबूची झाकणवाली झांपी असते, लग्नात मुलीचं सामान तिच्यात देतात. ती पाहिली की मूळ करंड कसा असेल ते कळतं. पाली दीघनिकायात म्यानातून तलवार काढावी, करंडातून साप काढावा, असे दाखले आहेत. तिथे करंड म्हणजे कोणी टोपली समजतात, कोणी सापाची कात.

पुढे बांबूच्या जागी धातू आला. पेशावरजवळ शाहजी-की-ढेरी इथे १९०८-०९ साली कनिष्काच्या नावाची धातूची डबी निघाली. तिच्यावरच्या खरोष्ठी लेखात 'गंधकरंड' असा शब्द आहे, म्हणजे सुगंधाची डबी. आत मात्र अस्थी होत्या.

आपल्याकडचं उदाहरण नालासोपाऱ्याचं. तिथल्या स्तूपाच्या टेकाडाला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खणलं. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय? मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जपलेले. एवढी राखण खापरांची!

आज हा शब्द आपण मैदानावर आणि रंगमंचावर ऐकतो: रणजी करंडक, १९६३पासूनचा पुण्याचा पुरुषोत्तम करंडक. घरात मात्र करंडा म्हटलं की कुंकवाचाच.

म्हणून ती ट्रंक त्याच्या घरी उतरवताना मला धास्ती होती. झालंही तसंच. एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईंनी करंडा उचलला, "आता तिला काय करायचाय?" वहिनी एवढंच म्हणाल्या, "राहू द्या आत्या, माझा आहे तो."

पुढे मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईचं कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींनीही हे करावं म्हणून राज्य सरकारनं परिपत्रक काढलं. बातमी वाचली तेव्हा मला ती ओटी आणि वहिनींचा पुढे केलेला हात आठवला.

त्या दिवशी निघण्याआधी मी यादी त्यांच्यापुढे धरली. हवालदारानं त्याच्या गोल अक्षरात शेवटच्या ओळीवर लिहिलं होतं: करंडा, एक. वहिनींनी त्यावर बोट ठेवून ते वाचलं, आणि खाली सही केली.