कोरा की पुसलेला?

शहापूरच्या बाजारात जुना कॉम्प्युटर विकायला गेलो होतो. दुकानातला पोरगा म्हणाला, “काका, फॉरमॅट मारून टाकतो, एकदम कोरा!” दोन मिनिटांत काम झालं. पण ‘कोरा’ कानात अडकला आणि मी सीपीयू उचलून तसाच मुरबाडला घरी परत आणला.

‘फॉरमॅट’ची कुळी सरळ आहे. लॅटिनमध्ये घडवणं, छपाईवाल्यांकडे पुस्तकाचा आकार, मग डिस्क. ‘मारणं’ हे शिक्का मारण्यातलं, यावर माझ्यापुरता वाद नाही. खरा गुंता ‘कोरा’चा.

त्याला ‘कोरणे’शी जोडायचा मोह होतो. पण कोरलेलं ते कोरं कसं? माझा कौल ‘कोरडा’कडे. गुजरातीत ‘कोरुं’ म्हणजे कोरडंही आणि न वापरलेलंही. आपल्या भिवंडीत मागावरून उतरलेलं कापड बघा: सायझिंगची खळ अंगात तशीच, पाण्याचा थेंब लागलेला नाही, म्हणून कोरं. एकदा धुतलं की कितीही स्वच्छ असो, ते कोरं राहत नाही. थुंकी लावून पुसलेली पाटीसुद्धा या हिशेबाने कोरी नव्हे. ‘कोरा चहा’ माझी पंचाईत करतो, हे कबूल. तिथे दूध लागलेलं नाही, एवढ्यावर भागवून घ्यावं लागतं.

आता गंमत बघा. आयबीएमच्या आठ इंची फ्लॉप्या कारखान्यातून फॉरमॅट होऊन येत, तेव्हा त्यांवर एकच आकडा भरलेला असे: ई५. १९७४ च्या सुमारास गॅरी किल्डॉल यांनी सीपीएम ही प्रणाली लिहिली आणि ‘खोडलेली नोंद’ म्हणून हीच खूण धरली. नवी फ्लॉपी आपोआप रिकामी दिसायची सोय झाली. पुढे डॉसने ती उसनी घेतली: फाइल पुसली की नावाचं पहिलं अक्षर जाऊन तिथे ई५ बसे, मजकूर मात्र जागच्या जागी. म्हणजे कधीच न लिहिलेलं आणि लिहून खोडलेलं, दोन्हींना सीपीएमने एकाच खुणेत बसवलं. दुकानातल्या पोराने ‘कोरा’ म्हणताना तेच केलं! १९९१ च्या डॉस ५ मध्ये झटपट फॉरमॅट आला, तो ‘अनफॉरमॅट’ला सोबत घेऊनच.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. सातबाऱ्यावर वारसनोंद झाली की पूर्वी जुन्या नावाला कंस होत असे; नाव वाचता येत असेच. ‘सातबारा कोरा करा’ म्हणून मोर्चे निघतात, पण बोजा उतरला तरी तो चढवणारा फेरफार दप्तरात असतोच. झटपट फॉरमॅट हा असाच कंस. एमआयटीच्या दोन विद्यार्थ्यांनी १५८ जुन्या हार्ड डिस्क विकत घेतल्या आणि २००३ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांना हजारोंनी क्रेडिट कार्डांचे नंबर सापडले होते.

विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट डिस्कभर शून्यं लिहितो. त्याला तासन्‌तास लागतात. आताच्या विंडोजमध्ये ‘रीसेट’ करताना ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ घेतलंत, तरी ‘क्लीन डेटा’ हा पर्याय मुळात बंद असतो. तो चालू करा, रात्रभर मशीन चालू द्या, आणि मग शहापूरची गाडी पकडा.