एलिमेंटरी, इंटरमिजिएट आणि ड्रॉइंगचे सर

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट हे शब्द इंग्रजी आहेत, हे महाराष्ट्रातल्या शाळांतून शिकलेल्या माणसाला मुद्दाम आठवावं लागतं, इतके ते आपल्या तोंडात बसले आहेत. पावसाळा सरत आला, की हातात पॅड, पाण्याचा डबा आणि रंगांची पेटी घेऊन मुलं सकाळी सकाळी कुठल्या तरी परक्या शाळेच्या फाटकाशी जमलेली दिसतात. ग्रेडच्या परीक्षेचे ते दोन दिवस. एका दिवशी वस्तुचित्र आणि स्मरणचित्र, दुसऱ्या दिवशी संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. मीही ती दिली. माझ्यासमोर स्टुलावर एक बादली, आडवा ठेवलेला तांब्या आणि दोन वांगी होती. वांगी बरी उतरली. बादलीच्या तोंडाचा लंबगोल मात्र अखेरच्या घंटेपर्यंत एका बाजूला कललेलाच राहिला. 'सी' श्रेणीचं ते प्रमाणपत्र घरात अजून आहे.

चित्रकलेच्या परीक्षेत कंपास, त्रिकोण आणि षटकोन कशाला, असा प्रश्न मला तेव्हा पडला होता. त्याचं उत्तर शोधायचं तर थेट लंडनला जावं लागतं.

1851 साली लंडनमध्ये जगभरच्या मालाचं प्रचंड प्रदर्शन भरलं. इंग्लंडच्या कारखान्यांतला माल यंत्रावर भराभर निघत होता, पण त्यावरची नक्षी ओबडधोबड होती. हिंदुस्थानातून आलेल्या कापडांपुढे आणि भांड्यांपुढे ती फिकी वाटते, हे तिथल्याच जाणकारांनी कबूल केलं. मग हेन्री कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारागिरांसाठी रेखाटनाचा एक क्रमवार अभ्यास बसवला. आधी सरळ रेघ, मग वक्र रेघ, मग छापील तक्त्यावरून नक्षी, मग प्लास्टरच्या ठोकळ्यांवरून आणि नमुन्यांवरून छायाप्रकाश, आणि जोडीला भूमिती. प्रत्येक पायरीला परीक्षा. लंडनच्या ज्या भागात हे केंद्र होतं, त्यावरून ही साउथ केन्सिंग्टनची पद्धत म्हणून ओळखली जाऊ लागली. तिचा हेतू चित्रकार घडवणं हा नव्हताच. कामगाराचा हात नेमका आणि डोळा सावध व्हावा, एवढंच तिला हवं होतं.

ही पद्धत आगबोटीत बसून मुंबईला आली. सर जमशेटजी जीजीभाई यांनी दिलेल्या एक लाख रुपयांच्या देणगीतून 1857 मध्ये मुंबईत कलाशाळा सुरू झाली. तिच्या समितीवर नाना शंकरशेट होते. 1865 मध्ये लॉकवुड किपलिंग तिथे शिकवायला आले. 'जंगल बुक' लिहिणाऱ्या रुडयार्डचे हे वडील. क्रॉफर्ड मार्केटच्या दारांवरची उठावशिल्पं त्यांचीच. पुढे बोरीबंदरचं स्टेशन उभं राहिलं, तेव्हा त्याच्या दगडावरचे वेल, पानं, पक्षी आणि प्राणी घडवण्यात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा वाटा होता. कधी लोकलची घाई नसेल, तर मान वर करून ती पानं जरूर पाहा. चौकोनात किंवा वर्तुळात पानाफुलांची रचना बसवा, असं जे आपल्याला संकल्पचित्राच्या पेपरात सांगत, त्याचा व्यवहारातला उपयोग तिथे दगडात दिसतो.

या घोटवलेल्या नकलेच्या शिस्तीने एक वेगळंही काम केलं. जॉन ग्रिफिथ्स 1872 पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जाऊ लागले आणि पुढची तेरा वर्षं तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करवून घेत राहिले. लंडनला पाठवलेल्या त्यांतल्या कितीतरी प्रतिकृती पुढे आगीत जळाल्या. पण ती पोरं अजिंठ्याच्या चित्रांपुढे महिनोन्महिने बसली, हे काही जळलं नाही.

1879 पासून रेखाटन हा शिकवण्याचा विषय म्हणून धरला गेला आणि 1893 मध्ये ड्रॉइंग शिक्षकांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग निघाला. आपल्या ड्रॉइंगच्या सरांचा जन्म या वर्गातला म्हणायला हरकत नाही. याच सुमारास, 1890 मध्ये, कोल्हापूरचा महादेव विश्वनाथ धुरंधर नावाचा तरुण या कलाशाळेत दाखल झाला. विद्यार्थी, शिक्षक आणि शेवटी काही काळ प्रभारी संचालक, असा त्यांचा तिथला मुक्काम एकेचाळीस वर्षांचा. त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाच्या नावातच तो आकडा आहे. कामगार घडवायला काढलेल्या शाळेतून असे चित्रकारही निघाले.

1965 मध्ये महाराष्ट्राचं कला संचालनालय स्थापन झालं आणि ग्रेडच्या परीक्षांचा कारभार त्याच्याकडे गेला. जुन्या मंडळींना आठवणारं फ्रीहँड, म्हणजे मधली रेघ मारून दोन्ही बाजू सारख्या काढायच्या ती नक्षी, मागे पडली. पण साचा फारसा हलला नाही. माझी या परीक्षेवर एक तक्रार आहे. एकही अस्सल चित्र न पाहता मुलाला दोन्ही परीक्षा उत्तीर्ण होता येतात. आणि स्मरणचित्र बहुतेक वेळा पाठ केलेलं असतं. विषय भाजी मंडईचा असो की एसटी स्टँडचा, टोपलीवाली बाई आणि छत्रीवाला म्हातारा ठरलेलाच.

तरीही तालुक्याच्या शाळेत चित्रकला टिकली ती या परीक्षेमुळेच, असं मला वाटतं. ड्रॉइंगचा तास हा गणिताच्या सरांनी मागून घ्यायचा तास. एरवी ड्रॉइंगच्या सरांकडे फलकावरचा सुविचार, स्नेहसंमेलनाचा पडदा, गणपतीची आरास आणि प्रमाणपत्रांवरची नावं, ही कामं. पण परीक्षेचे अर्ज भरले, की त्यांचा शब्द चाले. तास कुणी मागत नसे, रविवारी वर्ग उघडून मिळे. निकालात 'ए' श्रेणी किती, हे मुख्याध्यापकही अभिमानाने सांगत. ज्याची परीक्षा असते त्यालाच शाळेत जागा असते, हे आपलं जुनं दुखणं इथे चित्रकलेच्या कामी आलं.

आता गणित बदललं आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, शाळेत शंभरावर मुलं असतील तर, कलेसाठी अर्धवेळ निदेशक सांगितला आहे. पूर्णवेळ सर निवृत्त झाले, की त्यांच्या जागी कोण येणार, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. दुसरीकडे इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुण मिळू लागले आणि रंगपेटी कधी न उघडलेली मुलंही अर्ज भरू लागली. 2020 मध्ये करोनामुळे परीक्षा झाली नाही आणि 2021 च्या दहावीला हे वाढीव गुण मिळणार नाहीत, असं जाहीर झालं. तेव्हा आरडाओरडा झाला तो गुणांचा.

त्याच दिवसांत माझ्या ओळखीचे एक ड्रॉइंगचे सर मुलांना रोज मोबाइलवर निरोप धाडत होते, घरातलं एक भांडं खिडकीशी ठेवा आणि काढा. परीक्षा नाही, गुण नाहीत, तरी सुरुवातीला चाळीसेक मुलं चित्रं पाठवत होती. दिवाळीपर्यंत अकरा उरली. त्या अकरा मुलांची चित्रं सरांनी मला दाखवली. कुकर, कळशी, चहाची किटली. एका मुलीने बादली काढली होती, आणि तिचा लंबगोल सरळ होता.