वातरक्त आणि वरण

उज्जैनच्या फ्रीगंजात, म्हणजे माधवनगरात, मराठी स्वयंपाकघराला दोन भाषा सांभाळाव्या लागतात. भाजीवालीशी हिंदी, देवाशी नि सुनेशी मराठी, असे एरवी सुरळीत चालते. पण आजाराचे नाव एका भाषेतून दुसरीत गेले, की पानातला पदार्थ कसा नाहीसा होतो, ते मी सासऱ्यांच्या दुखण्यात पाहिले.

पायाचा अंगठा एका रात्रीत लालभडक झाला; पांघरुणाचा स्पर्श सोसेना. रक्तात युरिक ॲसिड वाढलेले निघाले. शेजार म्हणाला, ‘गठिया है.’ आता बोलीतल्या हिंदीत गठिया म्हणजे दुखणारा कोणताही सांधा. आपल्याकडे संधिवात, आमवात, वातरक्त हे तीन निराळे आजार. गठियाच्या एका छपराखाली ते एकत्र आले आणि तिघांचे मिळून एकच पथ्य ठरले. आंबट बंद, दूध बंद, डाळ बंद!

डाळ बंद म्हणजे काय, हे शाकाहारी मराठी माणसालाच विचारावे. अठराव्या शतकात शिंद्यांबरोबर मराठी घराणी इकडे आली. १८१० मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी पुष्कळ घरे इथेच राहिली. माळव्याने आम्हाला बाफले दिले, पोहे-जिलबी दिली. पगड्या गेल्या, मोडी गेली. टिकून राहिले ते वरण-भात-तूप. सासरे पानावर बसत, वाटीच्या रिकाम्या जागेकडे पाहत आणि काही बोलत नसत.

मग मी चरकसंहिता काढली. चिकित्सास्थानाचा २९ वा अध्याय वातरक्ताचा आहे. त्याचे एक नाव ‘आढ्यवात’, म्हणजे श्रीमंतांचा आजार. (महादजींचा पाय अधू होता तो पानिपतच्या जखमेने, त्यांना यात ओढू नये.) कारणांत मांस, मद्य, उडीद, कुळीथ, दही आणि पायी न चालणे येते. पथ्यात मात्र तूर, हरभरा, मूग, मसूर, मटकी यांची कढणे, तीही तूप घालून. शिवाय जुना गहू, साठीचा भात, दूध. म्हणजे वरण-भातच की!

आधुनिक वैद्यक इथे उशिरा पोचले. गाऊटच्या रोग्याच्या रक्तात युरिक ॲसिड असते हे लंडनच्या आल्फ्रेड गॅरडने १८४८ मध्ये दाखवले. पुढे प्युरीन असलेले सारेच अन्न दोषी ठरले, त्यात डाळीही आल्या. २००४ मध्ये अमेरिकेतल्या सत्तेचाळीस हजारांवर पुरुषांच्या बारा वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष आला: मांस-मासळीने धोका वाढतो, प्युरीनयुक्त भाज्या नि कडधान्यांनी वाढत नाही, दूधदुभत्याने कमी होतो. दह्यावर चरकांचे नि नव्यांचे जमत नाही. तिथे मी नव्यांचे ऐकले आणि सायीशिवायच्या दुधाचे दही पानात आले.

डॉक्टरांची गोळी चालूच राहिली, कारण नुसत्या पथ्याने युरिक ॲसिड फारसे उतरत नाही. मुगाचे किंवा तुरीचे वरण, हिंग-हळद, वर चमचाभरच तूप, दुधी किंवा पडवळ, ज्वारीची भाकरी. आमटीतला गूळ मात्र निम्मा केला. फार गोडानेही युरिक ॲसिड वाढते. सर्वांत मोठा वाद झाला तो एकादशीवरून. निर्जळी उपासाने दुखणे उसळू शकते, हे देवाच्या माणसाला पटवणे डाळीहून अवघड. शेवटी दूध, राजगिरा आणि तांब्याभर पाणी उशाशी, एवढ्यावर तडजोड झाली.