निरोपाच्या फोटोत नसलेली मुले

खानदेशातील कोणत्याही जुन्या घरात जा. बैठकीच्या भिंतीवर देवादिकांच्या तसबिरींच्या रांगेत एक फोटो हमखास आढळेल. मध्ये खुर्च्यांवर हेडमास्तर व शिक्षक, मागे बाकांवर उभी असलेली टोप्या घातलेली मुले आणि खाली पांढऱ्या शाईत लिहिलेले साल. घरातील वडीलधारे त्या फोटोकडे बोट दाखवून सांगतात, ‘ही आमची मॅट्रिकची बॅच.’ घरी अहिराणी बोलणारा एखादा म्हातारा तर नुसते ‘आमनी शाळा’ म्हणतो आणि बराच वेळ काही बोलत नाही.

मी इतिहासाचा पंडित नव्हे. मास्तरकी करतो आणि फावल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. परंतु असे फोटो पाहताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, तीच आज वाचकांपुढे ठेवणार आहे. शाळेची शेवटची इयत्ता मागे वळून पाहते, तेव्हा ती उरलेल्यांच्या डोळ्यांनी पाहते. मध्येच गळालेल्यांची आठवण सांगायला त्या फोटोत कोणी नसते.

आधी या ‘मॅट्रिक’विषयी दोन शब्द. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा झाली. पुढे चार इयत्ता मराठी आणि सात इंग्रजी, असा अकरा वर्षांचा जिना बांधला गेला. त्या जिन्याची शेवटची पायरी म्हणजे मॅट्रिक. १९४९ पासून एस. एस. सी. बोर्डाची परीक्षा आली, तरी लोकांच्या तोंडचे नाव काही बदलले नाही. १९७५ साली दहावीची पहिली परीक्षा झाली आणि अकरावीची मॅट्रिक इतिहासजमा झाली. जिल्ह्यांची नावेही अशीच बदलत गेली. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळे निघाले.

एखाद्या वर्गाच्या शाळकरी दिवसांची आठवण ते दिवस चालू असतानाच कोणी लिहून ठेवावी, असा योग क्वचितच येतो. तो योग अमळनेरला आला. सुरत-भुसावळ रेल्वेवरचे हे गाव. श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ साली येथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापन केले होते. तेथे अभ्यासासाठी आलेला कोकणातील पालगडचा एक तरुण १९२४ साली गावातल्या हायस्कुलात मास्तर झाला. ती शाळा आज प्रताप हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि ते मास्तर म्हणजे पांडुरंग सदाशिव साने, आपले साने गुरुजी.

छात्रालयाचा भार त्यांच्याकडे आला. मुलांची अंथरुणे आवरावीत, कंदिलांच्या काचा पुसाव्यात, पण बोलून दाखवू नये, अशी त्यांची रीत होती. मुले लाजली आणि आपापली कामे करू लागली. छात्रालयासाठी ते एक हस्तलिखित दैनिक काढीत. पहाटे उठून लिहायचे आणि मुलांनी वाचावे म्हणून लावून ठेवायचे. त्यात देशाच्या वार्ता असत, थोरांच्या गोष्टी असत आणि छात्रालयातल्या बारीकसारीक घडामोडीही असत. १९२८ साली त्यांनी ‘विद्यार्थी’ नावाचे मासिक सुरू केले. ज्या मुलांची नावे हजेरीपटापलीकडे कोठेही लिहिली गेली नसती, त्यांचा दिवस लिहून ठेवण्याच्या योग्यतेचा आहे असे या मास्तरांना वाटले, ही मला त्यांच्या सगळ्या कार्यातील मोठी गोष्ट वाटते. त्यांची ‘धडपडणारी मुले’ ही कादंबरी वाचताना अशाच मुलांचा सहवास जाणवतो.

सहा वर्षे अशी गेली. १९३० साली सत्याग्रहाचे वारे आले आणि गुरुजींनी शाळा सोडली. निरोप वर्गाने मास्तरांना घ्यावा ही जगाची रीत. येथे मास्तरच वर्गाच्या आधी बाहेर पडले! पण त्यांचा वर्ग सुटला असे मात्र नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलू लागले. २१ फेब्रुवारी ते १९ जून, अठरा रविवार आणि अठरा अध्याय. समोर शिकलेले व न शिकलेले कैदी एकत्र बसत. तेथे गुरुजी विद्यार्थी होऊन बसले आणि ऐकलेले लिहून घेत गेले. ‘गीता प्रवचने’ आज घरोघरी आहे, ती त्या टिपणामुळे. शिकणाऱ्यांपैकी एकाने लिहून ठेवले नाही, तर चांगल्यात चांगला वर्गही हवेत विरून जातो.

आता ज्यांना निरोपाचा फोटो लाभलाच नाही, त्यांच्याकडे वळू. ९ सप्टेंबर १९४२. नंदुरबार तेव्हा पश्चिम खानदेशात होते. ‘चले जाव’ची हाक देऊन महिना झाला होता. शाळकरी मुलांची मिरवणूक तिरंगा घेऊन निघाली आणि पोलिसांनी गोळीबार केला. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा ही पाच मुले धारातीर्थी पडली. शिरीषकुमारला सोळावे पुरे व्हायला तीन-साडेतीन महिने बाकी होते. गावात त्यांचे स्मारक आहे, दरवर्षी हार घातले जातात. मला मात्र त्यांचे सोबती आठवतात. सुट्टीनंतर शाळा उघडली असेल, मास्तरांनी हजेरी घेतली असेल. त्या नावांशी येताच ते काय करीत असतील? पुढे ती मुले मॅट्रिक झाली, संसाराला लागली, म्हातारी झाली. त्यांच्या शाळेच्या आठवणीत ही हजेरी असणारच.

पण गळती गोळीनेच होते असे नाही. बहुतेकांची शाळा अगदी निमूटपणे सुटते. कापसाची वेचणी आली, धाकटे भावंड झाले, मुलीचे लग्न ठरले. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांच्या नशिबी तर अक्षरओळखही आली नाही. शेतात, जात्यावर सुचलेली त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि पीतांबर चौधरी यांनी टिपून ठेवली. १९५१ साली त्या गेल्या. १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह संग्रह निघाला आणि महाराष्ट्र थक्क झाला. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ साली त्यांचे नाव देण्यात आले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बाईच्या नावाची पदवी आज खानदेशातील मुले मिरवतात. याला उशिरा घेतलेली हजेरी म्हणावे काय? म्हणावे, पण लिहून घेणारा मुलगा ज्यांना लाभला नाही, अशा किती जणी असतील, हा प्रश्न उरतोच.

म्हणून अलीकडे दहावीच्या निरोपसमारंभाच्या आधी मी मुलांना एक काम सांगतो. शाळेविषयी निबंध नको, पाचवीत तुमच्याबरोबर असलेल्या आणि आज वर्गात नसलेल्यांची नावे लिहा. सुरुवातीला मुले हसतात, मग एकमेकांना विचारतात, मग वर्ग शांत होतो. गेल्या वर्षी एका मुलीने सात नावे लिहिली. चौघे बदलीने किंवा दुसऱ्या शाळेत गेलेले, दोघींची लग्ने झालेली. सातव्या नावापुढे तिने एकच शब्द लिहिला होता: ‘कापूस.’ त्या मुलाला मीही शिकवले होते. गणितात तो तिच्यापेक्षा पुढे होता.

असो. सणासुदीच्या दिवसांत हे कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीसारखी वेळ पुन्हा वर्षभर मिळत नाही. लेकी-सुना, मुले-नातवंडे एकत्र जमलेली असतात, फराळाची ताटे पुढे असतात, आजोबांना बोलायला सवड असते. भिंतीवरचा तो फोटो खाली उतरवा, काच पुसा. त्यात कोण कोण आहे ते आजोबा सांगतीलच. ते सांगून झाल्यावर, त्यात कोण नाही तेही त्यांना विचारा, आणि जवळच्या नातवाला कागद-पेन्सिल घेऊन बसवा.