गारद्यांचं गोत्र

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून करणारे गारदी आपल्याला शाळेपासून ठाऊक असतात. हॉस्टेलचा वॉर्डन हा या गारद्यांचा भाऊबंद निघेल, असं मात्र मला कधी वाटलं नव्हतं. जुन्या जर्मानिक बोलीतला ‘राखणे’ अशा अर्थाचा एक धातू फ्रान्समध्ये शिरला. पॅरिसच्या बाजूला त्याच्या आरंभीच्या ‘व’चा ‘ग’ झाला, उत्तरेकडे ‘व’ टिकला. ‘व’वाली शाखा नॉर्मनांबरोबर इंग्लंडात जाऊन वॉर्डन झाली. ‘ग’वाल्या ‘गार्द’ची एक फांदी दख्खनेत उतरली.

ती उतरवली बुसीने, असं माझं ठाम मत आहे. १७५१ ते १७५८ हा फ्रेंच सेनानी निजामाच्या दरबारात तळ देऊन होता. त्याच्या कवायती पायदळात तयार झालेला इब्राहिमखान पुढे मराठ्यांकडे आला, तो ‘गारदी’ म्हणूनच. ‘गार्द’ला आपला नेहमीचा ‘ई’ लागला, दप्तरचा दप्तरी होतो तसा. आता गार्द म्हणजे पहारा आणि हे तर रणांगणावरचे बंदूकवाले! माझा तर्क असा, की आधी साहेबाच्या तंबूपुढच्या पहाऱ्याला हे नाव पडलं आणि मग तशीच कवायत करणाऱ्या सगळ्यांना चिकटलं.

काही जण ‘गर्दी’कडे बोट दाखवतात. फार्सी वळणाचा हा शब्द, अर्थ धुमाकूळ, दंगल, पानिपतची ‘भाऊगर्दी’ त्यातलीच. इब्राहिमखान गारदी भाऊगर्दीत पडला म्हणून दोन्ही शब्द एका घरचे ठरत नाहीत. उर्दूत त्याचं नाव ‘ग’पुढे अलिफ देऊन लिहितात, म्हणजे ‘गा’ लांबच. पोर्तुगीज ‘ग्वार्दा’चा दावा जास्त वजनदार आहे. गोवा, वसई शेजारी, आणि पाव, बटाटा, चावी आपण तिकडूनच घेतली. पण मग तो ‘व’ गेला कुठे? शिवाय गारद्यांचं नाव कवायती पलटणींबरोबर गाजलं, पोर्तुगीज ठाण्यांबरोबर नाही.

पोर्तुगीज पक्षाला एक शब्द मात्र मी खुशीने देतो: पगार. गारद्यांचं सगळं राजकारण त्याच्याभोवती फिरलं. सरंजामी स्वारांच्या फौजेत दरमहा रोख मागणारं हे पायदळ डोळ्यांत खुपायचं. लढाई डोळ्यांनी पाहिलेल्या काशीराज पंडिताच्या वृत्तान्तात पानिपतच्या सकाळी इब्राहिमखान मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊंपुढे येतो आणि म्हणतो, पगाराच्या तगाद्यामुळे आपण नाराज होतात, आज त्या पैशाचं चीज झालेलं पाहा. मग काही पलटणी बगलेला वळवून तो उरलेल्यांसह संगिनी रोखून रोहिल्यांवर चालून गेला. तिथे गारदी मोठ्या संख्येने कापले गेले. खान जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला आणि मारला गेला.

पुढे बारा वर्षांनी सुमेरसिंग गारद्याची माणसं शनिवारवाड्यात घुसली, तेव्हाही थकलेल्या पगाराचीच ओरड होती. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी खुनाचा दोष नारायणरावांचे काका राघोबादादांवर ठेवला. बदनाम मात्र गारदी झाले, आणि मराठीत त्या शब्दाला मारेकऱ्याचा वास आजही आहे.

पोर्तुगीज पक्षाच्या मंडळींना माझं एकच सांगणं: १७५१च्या आधीच्या मराठी कागदात एक गारदी दाखवा, बुसीवरचा माझा दावा मी मागे घेईन.